पाहुण्याचं गाठोडं

जयवंती,

तुझी स्कूटर मी रोज सकाळी सुरू करतो. स्टँडवर उभी ठेवूनच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतो आणि बंद करतो. बॅटरी उतरू नये म्हणून करतो, असं शेजाऱ्यांना सांगतो. खरं तर ती सुरू झाली की तू बाजारातून आल्यासारखं वाटतं, आणि बंद केली की वाटत नाही. मला ती चालवता येत नाही हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. अठ्ठावीस वर्षं मी कारखान्याच्या बसने गेलो-आलो, आणि बाकी जिथं जायचं तिथं तुझ्या मागं बसून गेलो. बोईसरच्या बाजारात लोक हसायचे. तू म्हणायचीस, हसू दे, पेट्रोल आपलं हाय.

तुला जाऊन दीड महिना झाला. कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता दुसऱ्याच कुणाच्या बायकोबद्दल बोलतोय असं वाटायला लागलंय. ते इथं लिहीत नाही. मी भांडायला बसलोय. आपलं भांडण अर्धं टाकून तू निघून गेलीस आणि मला ते पुरं केल्याशिवाय चैन नाही. बसलोय म्हणणंही खरं नाही म्हणा. एक ओळ लिहितो आणि उठतो. गॅस बंद आहे का बघतो, गॅलरीत जातो, परत येतो, ड्यूटी नसलेल्या दिवशीसुद्धा घड्याळ बघतो. काल भाताला फोडणी दिली आणि भात लावलाच नव्हता.

भांडण कशावरून ते तुला ठाऊक आहे. मार्चअखेर मी निवृत्त होणार. मी म्हणत होतो माझ्या गावी जतला जाऊ. भावानं माझ्या वाटणीच्या दोन खोल्यांवर नवे पत्रे टाकलेत, समोर लिंबाचं झाड आहे, कोरडी हवा आहे, इथल्यासारखं मिठाला पाणी सुटत नाही. तू म्हणत होतीस इथंच राहू. दहा वर्षं आपण हा एकच वाद घातला. पोरगी लग्न होऊन नाशिकला गेली तरी वाद इथंच. आता तू नाहीस, म्हणजे वाद मी जिंकलो. समोरचा पैलवान आखाड्यात आलाच नाही म्हणून हात वर करून उभं राहावं, तसं वाटतंय. असलं जिंकणं मी मागितलं नव्हतं.

भाऊ दर रविवारी फोन करतो. "आरं, आता तिकडं तुझं हाय तरी कोण?" असं विचारतो. त्याचं काही चुकत नाही. हाच प्रश्न मी स्वतःला तुझ्या दातिवऱ्यातल्या आपल्या लग्नमांडवापासून विचारत आलोय.

तर ती सहल. कल्पना माझीच होती. पोरीनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता, नवरा-बायको जुन्या गाडीवरून किनाऱ्या-किनाऱ्यानं जातात, कमी खर्चात राहतात, हसतात, नारळपाणी पितात. मी म्हटलं आपणही जाऊ. दातिवऱ्याहून निघू आणि बोर्डीपर्यंत वर जाऊ, समुद्र कायम डाव्या हाताला. इतकी वर्षं इथं राहून आपण सलग असा किनारा पाहिलाच नव्हता. तू लगेच तयार झालीस, मला वाटलं व्हिडिओ आवडला. मग तू कॅलेंडर काढलंस आणि माझ्या सुट्टीच्या तारखा खोडून टाकल्यास. म्हणालीस, हे दिवस उधाणाचे, कोणी घरी नसणार. भांगात जाऊ.

भांग मला लग्नानंतर तू शिकवलास. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीची ओढ मंदावते, जाळी लावून हाती काही लागत नाही, म्हणून बोटी किनाऱ्याला आणि माणसं घरात. आमच्याकडं पाहुण्याला जायचं तर सुगी संपलेली बघतात, तुमच्याकडं चंद्र बघतात. दिवाळीनंतरच्या अष्टमीला जायचं ठरलं. मी दोघा जणांशी शिफ्ट बदलून घेतली. तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही की किनारा बघायला निघालेल्या बाईला माणसं घरी असण्याशी काय काम.

दातिवऱ्यात पहिल्याच दिवशी कळलं. तुझ्या भावाच्या घरी पाट मांडलेला, रांगोळी काढलेली. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याची शांत करायलाच हवी. मला पाटावर बसवलं, पापलेटाचा मधला तुकडा मला, पंखा माझ्याकडे फिरवलेला. झोपायला तू आत बायकांत आणि मी ओट्यावर, तुझ्या भावाच्या घोरण्याशेजारी. निघताना त्यानं जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं सुक्या बोंबलाचं गाठोडं माझ्या हातात दिलं. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत.

ते गाठोडं घेऊन मी तुझ्या मागं बसलो. एक हात तुझ्या खांद्यावर, एका हातात बोंबील. ऊन चढलं तसा वासही चढला. एडवणला तुझ्या ताईकडे पोचलो आणि मी एक हुशारी केली. म्हटलं, भेट म्हणून काहीतरी द्यायला हवं आणि हे ओझंही जायला हवं, एका दगडात दोन पक्षी. गाठोडं ताईच्या हातात दिलं. कोळीवाड्यात सुके बोंबील भेट नेणारा पृथ्वीवरचा पहिला माणूस मी असेन. ताईनं गाठ बघितली, फडकं बघितलं, म्हणाली, "हे तर आईचं लुगडं हाय." आणि जी हसायला लागली, तिच्या सुना, शेजारणी, सगळं आवार गोळा झालं. तू तर खांबाला धरून हसलीस. मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. दुसऱ्या दिवशी निघताना ताईनं भावाचं गाठोडं परत दिलं आणि वर स्वतःचं एक दिलं.

त्या दोन गाठोड्यांना मी केळव्याच्या नाक्यावर प्लास्टिकची पिशवी विकत घेऊन बांधलं. मग दुसरी पिशवी. मग तिसरी. तू आरशातून बघत होतीस हे मला दिसलं होतं. तू नुसता गिअर टाकलास. तुझी ती जुनी गिअरची स्कूटर, सुरूच्या बनातल्या वाळूवर सुद्धा तू पाय टेकायची नाहीस. मी मात्र दोन्ही पाय खाली सोडून बसायचो.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट सांगतो. बोर्डीला मी एक खोली सांगून ठेवली होती.

चिकूच्या वाडीतली, साधी, पण खिडकी समुद्राकडे. कारखान्यातल्या एकानं नंबर दिला होता. फोनवर त्या माणसानं विचारलं किती जण, तर मी म्हणालो, "मी आणि मिसेस." आयुष्यात पहिल्यांदा मी तुला मिसेस म्हणालो आणि ते ऐकायला तू नव्हतीस. लग्न झाल्यावर आपण एका खोलीत माझ्या चुलत्यासकट राहिलो, मग पोरगी झाली, मग माझ्या नाइट शिफ्टा. मला एक संध्याकाळ हवी होती, जिथं कुणी मला पाट मांडणार नाही आणि तुला आत बोलावणार नाही. तिसऱ्या दिवशी शिरगावला तुझ्या मावशीकडे फक्त चहा घ्यायचा आणि तडक निघायचं, पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी करत दिवस मावळायच्या आत बोर्डी गाठायची, असा माझा बेत. तुला तिथं गेल्यावरच सांगणार होतो. मनातल्या मनात मांडे खायची मला जन्माची सवय.

मावशीनं आपण दारात पोचायच्या आधीच भात टाकला होता. गावच्या किल्ल्याच्या बाजूनं कुणी गाडी पाहिली आणि निरोप पुढं पळाला. मग जेवण, मग शेजारचं घर, मग तिथला चहा, मग मावशी म्हणाली आता कुठं जाता, राहा. तू माझ्याकडं न बघताच हो म्हणालीस. मी बाहेर येऊन स्कूटरपाशी उभा राहिलो. ऊन कलत होतं. तू आलीस तेव्हा माझं डोकं फिरलेलं होतं.

"मला हा पाहुणचार नकोय," मी म्हणालो. "दर घरी पाट, दर घरी गाठोडं. इतकी वर्षं झाली, मी अजून पाहुणाच. मार्च संपला की मी माझ्या घरी जाणार. तुला यायचं तर ये."

तू शांतपणे विचारलंस, "तितं मला कोन हाय?"

"मी आहे."

"तुमी हाय, ते ठाव हाय मला. आनि तुमाला इतं कोन कोन हाय, ते दाखवाला तर घेऊन फिरते मी तुमाला."

एवढं बोलून तू आत गेलीस. मी सुरूच्या झाडाखाली जाऊन बोर्डीच्या माणसाला फोन केला, येत नाही म्हणून सांगितलं. त्याच क्षणी आत येऊन तुला खोलीचं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, हे मी दीड महिना रोज ठरवतोय. रोज उत्तर वेगळं येतं. कधी तू हसतेस, कधी मावशीचं टोपलं उचलून म्हणतेस, चला, मावशीलाही घेऊन जाऊ. मी सांगितलं नाही. फुगून बसलो. दुसऱ्या दिवशी आपण तीन गाठोडी घेऊन सरळ बोईसरला घरी आलो. बोर्डीपर्यंतचा किनारा राहिला तो राहिलाच.

त्यानंतर तू एकदाच विषय काढलास. वाल सोलत बसली होतीस. "काय ओ, खरंच जाल?" मी पेपर वाचत होतो. "बघू," म्हणालो. वादातला माझा शेवटचा शब्द हा. बघू. काय बघणार होतो, देव जाणे.

तू गेलीस तेव्हा सगळा किनारा घरात आला. दातिवऱ्याचे, एडवणचे, शिरगावचे. त्यांनी चूल पेटू दिली नाही, मला एकट्याला बसू दिलं नाही. मी कुणाशी धड बोललो नाही. मग दुखवट्याची बोलावणी सुरू झाली, तुला माहीत आहे, दुःखातल्या माणसाला एकेका घरानं बोलवायचं, चार घास घालायचे, म्हणजे तो बाहेर पडतो. मी ड्यूटी आहे म्हणून सांगत राहिलो. ताईला सांगितलं, तुझ्या भावाला सांगितलं. भाऊ माझा, जतचा, त्याला मात्र सांगितलं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो घेऊन ये.

मग मावशीचा फोन आला. तिनं विचारपूस केली नाही, बोलावलंही नाही म्हणायला हवं. म्हणाली, "अष्टमीला भांग हाय. समदी घरी हायत. भात टाकते." आणि ठेवला. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही बाईनं. मी कॅलेंडर काढलं, अष्टमी शोधली आणि सुपरवायझरकडे ऑफ बदलून मागितला. त्यानं विचारलं, उपास आहे का. मी म्हणालो, नाही, भांग आहे. तो माझ्याकडं जरा काळजीनं बघत राहिला.

स्कूटर येत नाही, म्हणून एसटीनं पालघरला आणि तिथून शेअर रिक्षानं शिरगावला गेलो. मागच्या सीटवर मध्ये बसलो होतो, आणि सवयीनं हात पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवला. ड्रायव्हरनं वळून बघितलं. मी हात काढून घेतला.

मावशीकडे पाट मांडलेला नव्हता. मी दारात जरा घुटमळलो. ती म्हणाली, बस, घे वाढून. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसलो आणि कालवण स्वतःच्या हातानं घेतलं. मला वाटलं, आता लेक गेली, तर जावयाचा मान कसला. ते बरोबरच आहे, असंही वाटलं. आणि काय झालं कळत नाही, मी तिला बोर्डीच्या खोलीचं सगळं सांगून टाकलं. चिकूची वाडी, खिडकी, मिसेस, सगळं. तुझ्याआधी ते तुझ्या मावशीला कळलं, बघ.

मावशीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मंग सांगाचं ना, जावई. आमी काय गाडीपुढं आडवे झोपलो असतो?"

मी हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता रडायला लागलो, ते आवरेना. मावशीनं आवर म्हटलं नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "तवा ती चुलीशी बसून रडत होती. बोलली, मावशे, त्यांना आपला वास सोसत नाय."

जयवंती, तीन पिशव्या. तू आरशात तीन पिशव्या मोजल्या होत्यास, आणि खोलीचं तुला माहीत नव्हतं, मग तू दुसरं काय समजणार? तुझी माणसं मला नकोशी आहेत असं समजून तू घरी आलीस, वाल सोललेस, माझे डबे भरलेस, आणि तेच मनात घेऊन गेलीस. वासाचं काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही, तुझ्याशी आता तरी खोटं कशाला. कारखान्यात माझा डबा उघडला की दोघं-तिघं उठून जायचे आणि मला लाज वाटायची. तुझी नाही वाटली कधी. पण तुला तो फरक कुठून कळावा, मी कधी बोललो तर कळणार. मला माफ कर. हे वाक्य लिहायला मी आज चार वेळा उठलो.

जेवण झाल्यावर मावशी उठली, टोपली माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, चल, बोंबील उतरवायचेत. मी बघतच राहिलो. या किनाऱ्यावर इतक्या वर्षांत मला कुणी पाण्याचा तांब्याही उचलू दिला नव्हता. किनाऱ्यावर वाळवणासाठी बांधलेल्या बांबूच्या वलांड्यांवर उधाणातले बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, वाळून कडक झालेले. मावशीची सून एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. मी उलटे ओढत होतो, तर तुटत होते. मावशी ओरडली, कारखान्यातल्या पॅनलची बटनं हायत का ती, हलक्या हातानं घे. दोन तास मी हलक्या हातानं घेत होतो. मान भाजली, बोटांना खारट चिरा पडल्या. समुद्र डाव्या हाताला होता. त्या दोन तासांत मी एकदाही घड्याळ बघितलं नाही, हे मला नंतर रिक्षात लक्षात आलं.

निघताना हातपाय धुतले आणि दारात उभा राहिलो. मावशी टोपल्या आवरत होती. मी थोडा वेळ थांबलो. चपला घातल्या, परत काढून नीट घातल्या. आत वीसेक किलो बोंबील पडलेला आणि माझ्या हातात काही नाही. म्हटलं, झालं, हिला तुझं बोलणं आठवलं, वास सोसत नाही ते. आता या घरातून मला कधी काही मिळणार नाही, आणि तुझ्या मनातलं ते आता कायमचं खरं ठरलं.

शेवटी मी विचारलंच. "मावशी, माझं गाठोडं?"

एखादं पोर खुळ्यासारखं बोललं की बघावं, तसं तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"कसलं गाठोडं? गाठोडं पावन्याला बांधतात. घरच्या मानसाला कोन बांधून देते? लागंल तवा ये नि ने."

रिक्षात बसलो तेव्हा हात रिकामे होते आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत बोंबलाचा वास होता. शेजारची बाई जरा सरकून बसली. मी हात पुसले नाहीत. शिरगाव मागं पडल्यावर फोन काढला आणि भावाला सांगितलं, टेम्पो सांगू नकोस. तो बिचारा गोंधळला. मला वाटलं रागावेल, पण त्यानं नेहमीचंच विचारलं, आरं, तिथं तुझं हाय तरी कोण?

मी दातिवऱ्यापासून सुरुवात केली. पालघरचा स्टँड आला तरी एडवणच्या ताईपुढं सरकलो नव्हतो.